ऑइल क्लेमध्ये बाबांचं शिरशिल्प : हनुवटी जागेवर राहत नाही

चाफा | १२ मे

नमस्कार. मी भांडुपला राहते. दीड वर्षापासून दर शनिवारी मातीकामाच्या वर्गाला जाते, त्याआधी मातीला हात लावला नव्हता. बाबा मागच्या सप्टेंबरात गेले. ८२च्या संपापर्यंत ते परळच्या एका गिरणीत साचेवाले (मागावर कापड विणणारे) होते, पुढे मिळेल ते काम केलं. वर्षश्राद्धापर्यंत त्यांचं शिरशिल्प पूर्ण करायचं असं मी ठरवलंय.

पहिलं शाडूत केलं. चेहरा बराचसा उतरला होता. मग लग्नासाठी पाच दिवस गावी जावं लागलं. ओलं फडकं, वर प्लास्टिक, सगळं नीट बांधून गेले होते. परत आले तर फडकं खडखडीत वाळलेलं आणि कपाळापासून गालापर्यंत तडा. वर्गातली मैत्रीण म्हणाली, ऑइल क्ले घे, तेल-मेणाची माती, ती वाळतच नाही. पाच किलो आणली.

आता वेगळंच सुरू झालंय. रात्री अकराला काम थांबवते तेव्हा हनुवटी जागेवर असते. दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून येईपर्यंत ती बोटभर खाली आलेली असते, कधी अख्खा चेहराच पुढे झुकलेला असतो. घर वरच्या मजल्यावर, त्यात मे महिना. आत जीआय पाइप, त्याभोवती वर्तमानपत्रांचा गोळा आणि वर माती असं केलंय. पाण्याचं बोट फिरवून गुळगुळीत करायची सवय होती, इथे पाण्याने काहीच होत नाही. शिवाय ही माती भट्टीत जात नाही, म्हणजे शेवटी साचा घ्यावाच लागणार. कुठून सुरुवात करू?

केशरी | १२ मे

पाच दिवस गावी गेल्यावर तडा... वाचूनच पोटात गलबललं. पुन्हा हातात घेतलंत हे फार चांगलं केलंत.

मातीत_हात | १२ मे

चाफाताई, दोष मातीत नाही, आतल्या सांगाड्यात आहे. वर्तमानपत्राचा गोळा दाबला की बसतो, सैल होतो आणि पाइपभोवती फिरतो. वरची माती त्याच्याबरोबर खाली येते. सगळी माती काढा. काहीच वाया जात नाही, ऑइल क्लेची ही मोठी सोय आहे.

मी जे.जे. कला महाविद्यालयात शिकलो तेव्हा शिराचा सांगाडा असा करायचो. १९ एमएमचा प्लायचा तुकडा, साधारण फूटभर चौरस, त्याला खालून दोन पट्ट्या म्हणजे उचलताना बोटं आत जातात. प्लायला दोन हात शेलॅक (लाखेचं वार्निश), नाहीतर लाकूड तेल शोषतं आणि तळाची माती भुसभुशीत होते. मधोमध फ्लँज (पाइप उभा धरणारी लोखंडी चकती) आणि अर्धा इंची पाइप, मानेच्या उंचीपर्यंतच. पाइपच्या टोकापासून जाड ॲल्युमिनियमच्या तारेचे दोन लूप, एकमेकांना काटकोनात, डोक्याच्या आकाराचे पण सगळीकडून दोन-तीन सेंटिमीटर लहान. तार लोहार चाळीत वजनावर मिळते. सगळ्यावर बाइंडिंग वायर गुंडाळा, पाइपवर सुतळी घट्ट फिरवा. गुळगुळीत लोखंडावर तेलकट माती कधीच धरत नाही.

लूपच्या आत बटरफ्लाय टांगा: लाकडाचे दोन छोटे तुकडे फुलीसारखे बांधून तारेने लोंबकळत सोडायचे. माती त्यांच्याभोवती दाबली की वजन त्या फुलीवर बसतं. एक हनुवटीच्या मागे, एक कपाळाच्या मागे. आमचे सर हनुवटीच्या मागे बटरफ्लाय दिसली नाही तर माती लावूच द्यायचे नाहीत.

पाच किलोत भरीव डोकं होणार नाही. लूपच्या आतली पोकळी ॲल्युमिनियम फॉइलने भरा, पण फॉइल हातोडीने ठोकून घट्ट करा. बोटाने दाबलं तर दबता कामा नये.

तारयंत्र | १३ मे

फॉइलऐवजी थर्माकोल चालेल ना? घरात टीव्हीच्या खोक्यातला पडून असतो.

मातीत_हात | १३ मे

चालतो, दोन गोष्टी सांभाळा. माती वितळवून ओतली तर थर्माकोल आत विरघळून पोकळी होते. टर्पेंटाइन किंवा पेट्रोलसारखं काही झिरपलं तरी तेच. वरून पॅकिंग टेपचे दोन थर आणि माती फक्त मऊ करून हाताने लावायची, मग भीती नाही.

चाकणचा_वारा | १३ मे

मी काही वर्षं गाडीच्या डिझाइन स्टुडिओत क्ले मॉडेलर होतो. आमचं कामही ऑइल क्लेतच, फक्त गाडीएवढं. आत पोलादी चौकट, त्यावर फोम आणि फोमवर काही सेंटिमीटर माती. ती माती ओव्हनमध्ये ५५ ते ६० अंशांपर्यंत गरम करतात, अंगठ्याने दाबून लावतात, आणि थंड झाली की इतकी घट्ट होते की पात्याने पापुद्रा सोलून निघतो. कामाच्या दोन अवस्थाच वेगळ्या : गरम असताना भर घालायची, थंड असताना कोरायचं.

घरी बरेच जण इथेच चुकतात. कोमट, अर्धवट मऊ मातीवर नाक-डोळे करायला बसतात आणि मग सगळं हाताखाली सरकत राहतं. चाफाताई, तुमची माती बहुधा मऊ ग्रेडची आहे. या मातीत सॉफ्ट, मीडियम, हार्ड असे प्रकार येतात. थंड देशातला माणूस मीडियम घेतो तिथे मुंबईच्या उन्हाळ्यात हार्ड घ्यावी. आहे तीच कडक करायची तर वितळवून थोडं मायक्रोक्रिस्टलाइन मेण मिसळा. आधी मूठभर मातीवर प्रयोग करा, एकदम पाच किलोवर नको.

रानवारा | १३ मे

वितळवायची कशी? मी एकदा गॅसवर कढईत ठेवली होती, तळाशी धूर यायला लागला.

चाकणचा_वारा | १३ मे

थेट आचेवर कधीच नको! यात तेल आणि मेण आहे, पेट घेऊ शकतं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, ढोकळ्यासारखं. आच मंद, आणि त्या वेळी तिथून हलायचं नाही. ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. रोजच्या कामापुरती मऊ करायला पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना पिवळा बल्ब पुरतो, माती बल्बला न टेकवता. कोरताना एखादाच भाग सैल करायचा तर हेअर ड्रायर.

मायक्रोवेव्ह नको म्हणेन. बाहेरून थंड लागते आणि आतला गाभा उकळता असतो. माझ्या एका सहकाऱ्याचा तळवा पोळला होता.

लालबाग_शाडू | १४ मे

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. आमच्या घरात तीन पिढ्या गणपतीचं काम आहे. तडा गेला तो शाडूचा दोष नाही. पाच दिवसांसाठी जाताना फडक्यावर ओला स्पंज ठेवायचा, प्लास्टिकची तोंडं सुतळीने आवळायची आणि शेजारच्या कुणाला तरी एक दिवसाआड पाणी मारायला सांगायचं.

माझा आक्षेप आणखी खोल आहे. पाण्याची माती हाताला घाई करायला लावते. आज गाल झाला पाहिजे, उद्या ती वेगळी होणार. त्यामुळे आधी मोठे आकार बसतात. ऑइल क्लेवाले चार-चार महिने एकाच पापणीवर बसलेले मी बघितलेत. डोक्याची कवटीच वाकडी असते आणि पापणीला एकेक सुरकुती! वेळ मिळतो म्हणून माणूस निर्णयच घेत नाही.

गिरणगावकर | १४ मे

शाडूदादा, तुमचं म्हणणं पटलं. पण चाफाताई दिवसभर नोकरी करतात, रात्री दोन तास मिळतात. त्यांना ही माती थांबून राहते हेच हवंय.

लालबाग_शाडू | १४ मे

बरोबर. मग ताईंनी स्वतःच मुदत घालून घ्यावी. पहिले दहा दिवस डोळे-ओठ करायचेच नाहीत. फक्त कवटी, जबडा, मान, आणि मान खांद्यावर कशी बसते ते. लांबून पाठमोरं बघून बाबा ओळखू आले पाहिजेत.

चाफा | १५ मे

हे वाचून रात्री झोप लागली नाही. बाबांची मान डावीकडे किंचित झुकलेली असायची, साच्याच्या आवाजात एका कानाने ऐकायची सवय लागली होती म्हणून. मी मान सरळ केली होती! काल सगळी माती उतरवली. सांगाडा नव्याने करतेय, मान तिरकी ठेवून.

एक अडचण आहे. बाबांचे फोटो फार कमी आहेत. एक पासपोर्टचा, एक माझ्या लग्नातला, आणि बाकी भाच्याने मोबाइलवर जवळून काढलेले. मोबाइलच्या फोटोत नाक फार मोठं दिसतं.

काळा_घोडा | १५ मे

मोबाइलचे ते फोटो मापाला घेऊ नका. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे पळतात. लग्नातला फोटो लांबून काढलेला असेल, तोच खरा धरा. तो खऱ्या डोक्याच्या मापाचा प्रिंट करून भिंतीला लावा आणि कॅलिपरने (माप घ्यायच्या दोन पायांच्या चिमट्याने) तुलना करा. माप ढोबळ हवं तर : डोळ्यांची रेघ डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर येते. नवशिके ती नेहमी वर चढवतात, कपाळ आखूड होतं आणि मग चेहरा कुणासारखाच दिसत नाही. कान साधारण भुवई ते नाकाचं टोक या पट्ट्यात, जबड्याच्या कोनामागे.

बाबांना भाऊ-बहीण आहेत का? कान आणि कवटीचा मागचा भाग बऱ्याचदा घराण्यात सारखा असतो.

चाफा | १६ मे

काका आहेत, नालासोपाऱ्याला. रविवारी बोलावते.

केशरी | १९ मे

काका आले का?

चाफा | १९ मे

आले. तीन तास खुर्चीत बसले. कानाची पाळी तशीच आहे, सुटी, खाली लांब. मी माप घेत होते तेव्हा काका म्हणाले, "दादाचा उजवा कान थोडा बाहेर होता, लहानपणी मी धरून ओढायचो." हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. उजवा कान बाहेर काढलाय.

हनुवटी चार दिवस जागेवर आहे. फुलीची जादू!

तारयंत्र | २० मे

थोडं विषयांतर. ही माती निघाली कुठून? आमच्या शाळेत रंगीत कांड्या मिळायच्या, तीच का ही?

काळा_घोडा | २० मे

कुळ तेच. इंग्लंडमध्ये विल्यम हार्बट नावाच्या कलाशिक्षकाने विद्यार्थ्यांना न वाळणारी माती हवी म्हणून १८९७ मध्ये प्लॅस्टिसिन तयार केली. जर्मनीत म्युनिकला फ्रान्झ कोल्ब त्याआधीच तसल्या खटपटीत होता. घटक तेव्हापासून जवळपास तेच : पूड, तेल आणि मेण किंवा चरबीसारखा पदार्थ. पाणी नाही म्हणून वाळत नाही, आणि भट्टीत घातली तर भाजण्याऐवजी वितळते.

त्याच सुमारास आपल्याकडे शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी', देवळाकडे निघालेल्या तरुणीचा पुतळा, झाली, १८९६च्या आसपास. विद्यार्थिदशेतलं काम, मातीतून प्लास्टरमध्ये काढलेलं. फोटोत तिच्या पातळाच्या चुण्या बघा. चुण्यांच्या आत पाय कुठे आहे ते कळतं. मघाशी शाडूदादा म्हणाले ते हेच, आधी आतलं शरीर.

रानवारा | २० मे

अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं संग्रहालय बघितलंय का कुणी? गेटवेवरून मांडव्याची बोट, पुढे रिक्षाने थोडंसंच. त्यांचं स्वतःचं घर आहे ते. पुण्याचा १९२८चा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. सासवण्याला मात्र गावची माणसं आणि जनावरं आहेत, बरीचशी सिमेंटमध्ये. तिथली म्हैस बघून माझी मुलगी दोन पावलं मागे सरकली होती. चाफाताई, पावसाळ्यात बोट बंद व्हायच्या आत जाऊन या. चेहऱ्याची कातडी हाडावर कशी बसते ते तिथे तासभर बघत राहण्यासारखं आहे.

चाफा | २६ मे

गेले होते, काल. घरी येऊन बाबांच्या गालावरची निम्मी माती काढून टाकली. मी गाल फुगवले होते. बाबा शेवटी फार वाळले होते, पण मला वाळलेले करवत नव्हते. आता पन्नाशीतले करतेय.

मोठे आकार झाले असं वाटतंय. पृष्ठभागाचं सांगा.

मातीत_हात | २७ मे

आधी घर बदला, म्हणजे शिल्पाची जागा बदला. समोरून ट्यूबलाइट असेल तर सगळं गुळगुळीतच दिसतं. एका बाजूने दिवा लावा, आडवा प्रकाश पडला की प्रत्येक खड्डा ओरडून सांगतो.

मग रेक. दातेरी हत्यार, हॅक्सॉच्या तुटलेल्या पात्यापासूनही होतं. आकाराच्या वळणाला आडवं, मग त्याला तिरकं फिरवायचं. उंचवटे कापले जातात, खड्डे तसेच राहतात आणि दिसतात, त्यात माती भरायची. बोटाने चोपडू नका. बोट खड्ड्यावरूनही फिरतं आणि उंचवट्यावरूनही, चूक झाकली जाते एवढंच. मोठ्या दातांवरून बारीक दातांवर या, शेवटी गिटारच्या तारेचा लूप.

द्रावण सगळ्यात शेवटी. आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने, अगदी कमी. रेकच्या रेघा विरघळून जुळतात. टर्पेंटाइन जोरात खातं, कडा वितळतात आणि दोन खोल्यांच्या घरात वासाने डोकं धरतं. काहीही वापरा, खिडक्या उघड्या आणि देव्हाऱ्यातला दिवा विझलेला हवा.

काळा_घोडा | २७ मे

अल्कोहोल मीही वापरतो, पण चेहऱ्यावर सगळीकडे नको. सगळं सारखं गुळगुळीत झालं की साबणाची वडी वाटते. कपाळ आणि नाकाचं हाड चोपडं ठेवा, गालावर रेकच्या पुसट खुणा राहू द्या. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्यांसाठी स्वयंपाकघरातली पातळ क्लिंग फिल्म मातीवर ताणा आणि वरून बोथट हत्याराने रेघ ओढा. कडा आपोआप गोल येतात. थेट मातीवर ओढली तर नखाने ओरबाडल्यासारखी दिसते. छिद्रांसाठी संत्र्याच्या सालीचा ठसा सिलिकॉनमध्ये घेऊन ठेवा, हलक्या हाताने दाबायचा.

दूरदेशी | २९ मे

साच्याकडे जाण्याआधी माझं ऐका, कारण माझे दोन महिने यात गेले. अंधेरीला राहत असताना एका व्यक्तिशिल्पावर साच्यासाठी सिलिकॉन ओतलं. चोवीस तासांनी उघडलं तर मातीला टेकलेला सगळा थर चिकट, मधासारखा. कधी सुकलाच नाही. दुकानदाराने कुठल्याही मातीवर चालतं असं सांगितलं होतं. साफ करताना नाक-ओठ सगळं गेलं.

नंतर कळलं. बऱ्याच ऑइल क्लेमध्ये गंधक असतं, आणि प्लॅटिनमवर जमणारं (प्लॅटिनममुळे घट्ट होणारं) सिलिकॉन गंधकाजवळ जमत नाही. लेटेक्सच्या हातमोज्यांनीही तोच घात होतो. टिनवर जमणाऱ्या सिलिकॉनला सहसा त्रास होत नाही, मात्र ते काळाने थोडं आकसतं. गंधकविरहित माती वेगळी मिळते, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. तुमची कोणती ते माहीत नसेल तर त्याच मातीची चपटी वडी करून तिच्यावर चमचाभर सिलिकॉन ओता. खालचा थर दुसऱ्या दिवशी कोरडा निघाला तरच पुढे जा.

चाफा | ३१ मे

गरम केल्यावर माचिसच्या काड्यांसारखा वास येतो! चमचाभर ओतून बघितलं, खालून चिकट. दूरदेशी, तुमचे उपकार कसे फेडू?

सिलिकॉन परवडणारही नव्हतं. प्लास्टरचा साचा जमेल का मला?

मातीत_हात | १ जून

जमेल. एकच प्रत हवी आहे ना? मग वेस्ट मोल्ड. साचा फोडूनच प्रत बाहेर काढायची.

डोक्यावरून कानांच्या मागून रेघ आखा, पुढचा-मागचा असे दोन भाग. रेघेवर पत्र्याच्या पट्ट्या उभ्या खोचा, कोल्ड्रिंकच्या कॅनमधून कापलेल्या चालतात. दोन-तीन पट्ट्यांना इंग्रजी व्ही आकाराची घडी घाला म्हणजे भाग पुन्हा जोडताना जागेवर बसतात. प्लास्टर पाण्यात घालायचं, पाणी प्लास्टरमध्ये नाही. पाण्यावर बेट दिसेपर्यंत भुरभुरत राहा, मग ढवळा.

पहिल्या थराच्या पाण्यात घरातली नीळ घाला. तो थर पातळ, हाताने उडवत लावायचा, नाकपुडीत आणि पापणीखाली फुंकर मारून पोचवायचा. त्यावर चिकणमातीचं पाणी हलकंसं, आणि मग पांढऱ्या प्लास्टरचा दोन-तीन सेंटिमीटर थर, गोणपाटाच्या तुकड्यांसकट. प्लास्टर जमताना तापतं, त्याने ऑइल क्ले मऊ पडते, घाबरू नका. उलट लगेच साचा उघडला तर माती सहज उपसून निघते. उरलेली रॉकेलच्या बोळ्याने पुसा. मग आत मऊ साबणाचे तीन-चार हात, भाग बांधून आत प्लास्टर. शेवटी छिन्नीने बाहेरून फोडायला लागा. निळा दिसला की हात हलका करा, खाली बाबा आहेत.

आणि बादलीतलं उरलेलं प्लास्टर मोरीत ओतू नका. अख्ख्या इमारतीची पाइप बसेल.

लालबाग_शाडू | १ जून

साचा भरायच्या दिवशी मला सांगा ताई. भांडुपला येईन. दोन भाग बांधताना चार हात लागतात.

गिरणगावकर | २ जून

आमच्या वडिलांच्या तोंडी साचा म्हणजे मागच. 'साचेखात्यात आहे' म्हणायचे. चाफाताई, तुमच्या बाबांचा साचा होणार हे वाचून आज वडिलांची फार आठवण आली.

चाफा | ९ जुलै

झालं.

शाडूदादा आणि त्यांच्या वहिनी आल्या होत्या. पावसामुळे छिन्नी लावायला पाच दिवस थांबलो. निळा थर फुटला आणि आधी उजवा कान दिसला. डाव्या पापणीपाशी छिन्नी थोडी आत गेली, तेवढं भरावं लागलं. काकांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं, ते काही बोललेच नाहीत, कॅमेरा छताकडे गेला.

प्लास्टर अजून गार लागतं हाताला. रंग कधी देऊ?

मातीत_हात | ९ जुलै

गार लागतं म्हणजे आत पाणी आहे. जुलैत तीन आठवडे धरा, रोज पंख्याखाली, भिंतीपासून लांब. गालाला लावून बघायचं, खोलीइतकं उबदार वाटलं की शेलॅक.

केशरी | ९ जुलै

आणि ती पाच किलो माती?

चाफा | १० जुलै

चाळून, प्लास्टरचे कण वेचून परत डब्यात गेली. आई म्हणते आता माझं कर, मी समोर बसते. पण चष्मा काढायला तयार नाही, चष्म्याशिवाय मी मीच वाटत नाही म्हणते. मातीत चष्मा कसा करतात?

काळा_घोडा | १० जुलै

मातीत करूच नका. आई चष्मा लावूनच बसू देत. मातीत फक्त नाकावरचे दोन दाब आणि कानामागची खाच नेमकी उतरवा, साचा त्यावरूनच घ्या. प्रत निघाल्यावर बारीक पितळी तारेची चौकट वाकवून त्या खाचेत बसवा. काचा नकोत, तारेची सावली गालावर पडते तेवढी पुरे.